थंड इंजिन आणि घाईतला साहेब



या मालिकेत आपण आजवर लढायांबद्दल बोललो, नकाशे पाहिले, कोणत्या टेकडीवर कोण होतं ते पाहिलं. आज लढाई नाही. आज गाडीबद्दल बोलायचं आहे. कंटाळा येईल असं वाटत असेल तर पाच मिनिटं थांबा, मग ठरवा. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक मी शत्रूसमोर केलेली नाही, एका ट्रकसमोर केली आहे, आणि ती आज सांगणार आहे.

सुरुवात माझ्या भाच्यापासून करतो. जानेवारीत तो नागपूरहून सिवनी, लखनादौन करत जबलपूरला आमच्याकडे आला. नवी कोरी गाडी, छोटं टर्बो पेट्रोल इंजिन. दुसऱ्या दिवशी सकाळी भेडाघाटला जायचं ठरलं. जबलपूरला जानेवारीत पहाटे पारा आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो. गाडी रात्रभर अंगणात दवात उभी. पठ्ठ्यानं बटण दाबलं, इंजिन लागलं, आणि लगेच पाय दाबून घुर्र, घुर्र, घुर्र! मी दात घासत होतो. तसाच ब्रश तोंडात धरून, माकडटोपी घातलेला, अंगणात धावलो.

"पाय काढ! पाय काढ आधी!"

"मामा, गरम करतोय."

"हे गरम करणं नव्हे रे."

"मग किती मिनिटं उभी ठेवू? दहा?"

"तेही नाही."

तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. रेसही द्यायची नाही, उभीही ठेवायची नाही, मग करायचं काय? याचं उत्तर दोन वाक्यांत देता येतं, आणि ते मी शेवटी देणारच आहे. पण ते उत्तर मला कळायला पंधरा-वीस वर्षं लागली, आणि त्याचा जबलपूरशी फार जवळचा संबंध आहे. तेव्हा आधी जबलपूर.

मराठी माणसाला जबलपूर म्हटलं की संगमरवराचे कडे आणि धुवांधार आठवतो. फौजी माणसाला आठवतात कारखाने. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची. तोफांचे गाडे बनवायला इंग्रजांनी उभी केली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, खमरियाची दारूगोळा फॅक्टरी आली. स्वातंत्र्यानंतर प्रश्न उभा राहिला तो ट्रकचा. फौजेकडे महायुद्धातून उरलेल्या नाना देशांच्या, नाना बनावटींच्या गाड्या होत्या. एकीचा पुर्जा दुसरीला लागत नाही. मग जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीशी करार झाला आणि १९५९ मध्ये 'शक्तिमान' हा तीन टनी ट्रक आला. आजच्या मुलांना शक्तिमान म्हटलं की टीव्हीवरचा गोल गोल फिरणारा हिरो आठवतो. आमचा शक्तिमान त्याच्या कितीतरी आधीचा, आणि तो फिरायचा नाही, चढायचा.

पुढे जपानच्या निस्सानच्या परवान्यावर एक टनी गाडी आणि जोंगा आली. जोंगा हे नाव कुठल्या जनावराचं नाही. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' याची ती आद्याक्षरं. १९६९ मध्ये रांझीच्या बाजूला व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि हे सगळं काम तिकडे गेलं. पुढची तीस वर्षं हिंदुस्थानी फौज ज्या गाड्यांवर फिरली, त्यातल्या बहुतेक या गावातून निघाल्या. मी १९८३ मध्ये कमिशन घेऊन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये आलो. आमचं काम रसद पोचवायचं. म्हणजे माझं तरुणपण शक्तिमानच्या केबिनमध्ये गेलं असं म्हटलं तरी चालेल.

शक्तिमानच्या इंजिनाला टर्बो नव्हता. माणूस जसा स्वतः श्वास घेतो तसं ते इंजिन स्वतःच हवा ओढायचं. पठारावर याचं काही बिघडत नाही. पण डोंगरात हवा विरळ होते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा राहतो. हवा कमी, म्हणजे जाळायला प्राणवायू कमी, म्हणजे ताकद कमी. झोजिलाच्या चढावर भरलेला शक्तिमान पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत कण्हत जायचा, मागे काळा धूर सोडत. शेजारून बकऱ्यांचा कळप पुढे गेलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

आणि थंडी! द्रासला हिवाळ्यात रात्री डिझेल जेलीसारखं होतं, कारण त्यातलं मेण थिजतं. तेव्हा आम्ही त्यात रॉकेल मिसळायचो. हिवाळ्यासाठी वेगळं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल इंडियन ऑइलनं लडाखला दिलं ते २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये. आमच्या वेळी पहाटे चारला ड्रायव्हर उठायचे, पत्र्याच्या डब्यात विस्तव करून इंजिनाच्या चेंबरखाली सरकवायचे. चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाशी जिथे ऑइल साठतं ती परात. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वाटेवर जर्मन फौज आपल्या रणगाड्यांखाली अशाच शेकोट्या पेटवत होती. ऑइल थिजलं की कुठल्याही देशाचा फौजी एकच उपाय करतो.

इंजिन लागलं की मग रेस. थंड इंजिन बंद पडू नये म्हणून ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायचा. गाड्या अर्धा अर्धा तास उभ्या उभ्या गुरगुरायच्या, सगळी दरी धुरानं भरून जायची, आणि त्या धुरात लंगरचा चहा यायचा. जुने उस्ताद नव्या पोरांना हेच शिकवत: "पहले खूब रेस दो, फिर गिअर डालो." शक्तिमाननं हे सगळं सहन केलं. इंजिनाची झीज होत असणारच, पण ते इतकं दणकट आणि सावकाश फिरणारं होतं की कुणाला जाणवलं नाही. ते सहन करतं म्हणजे ते बरोबर, अशी आमची समजूत झाली. माझीसुद्धा.

आता टर्बोकडे येतो.

स्वित्झर्लंडमध्ये आल्फ्रेड ब्युखी नावाचा इंजिनिअर होता. त्याच्या लक्षात आलं की इंजिनात जळणाऱ्या इंधनाची मोठी ताकद धुराबरोबर फुकट बाहेर जाते. त्या धुराच्या झोतावर एक चाक फिरवलं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा बसवला आणि त्या पंख्यानं ताजी हवा दाबून इंजिनात कोंबली तर? १९०५ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. प्रत्यक्ष कामाचं यंत्र व्हायला वीस वर्षं गेली. १९२० च्या दशकात दोन जर्मन जहाजांच्या इंजिनांवर टर्बो बसला आणि १७५० अश्वशक्तीची इंजिनं २५०० पर्यंत गेली. इंजिन तेवढंच, ताकद जवळजवळ दीडपट. त्याआधी, १९१८ मध्ये, अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या इंजिनिअरनं एक विमानाचं इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या १४,००० फुटांवरच्या शिखरावर नेलं आणि दाखवून दिलं की विरळ हवेत गमावलेली ताकद टर्बो परत मिळवून देतो. आम्हाला झोजिलावर हवं होतं ते हेच!

आपल्या देशात टर्बो आधी रेल्वेत आला. १९६२ पासून आलेली आणि १९६४ पासून वाराणसीला बनू लागलेली डब्ल्यूडीएम-२ इंजिनं, २६०० अश्वशक्तीची, टर्बोवाली. जबलपूर स्टेशनवर उभे असाल आणि गाडी सुटताना इंजिनानं काळ्या धुराचा लोट सोडलेला पाहिला असेल, तर तुम्ही टर्बोचा स्वभाव पाहिलेला आहे. ड्रायव्हर इंधन लगेच वाढवतो, पण टर्बोचं चाक वेग घ्यायला थोडा वेळ लावतं. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि अर्धवट जळालेलं इंधन धूर होऊन बाहेर येतं. चाकानं वेग घेतला की धूर विरळ होतो आणि ती शिट्टीसारखी धार ऐकू येते.

मोटारींत १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर आली. तिची गोष्ट मला फार आवडते. त्या गाडीत इंजिनाला ठोका बसू नये म्हणून पाणी आणि मेथॅनॉल यांचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. लोकांना सवय फक्त पेट्रोल भरायची. दुसरी टाकी रिकामीच राही. टाकी रिकामी झाली की गाडी टर्बोची ताकद रोखून धरी आणि गिऱ्हाईक तक्रार करी की पैसे वाया गेले. शेवटी कंपनीनं टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. यंत्र नवं होतं, माणसाच्या सवयी जुन्याच होत्या. ही गोष्ट वाचून मी पूर्वी हसायचो. आता हसत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शक्तिमान आणि जोंगा यांचे दिवस संपले. व्हेइकल फॅक्टरीत अशोक लेलँडची स्टॅलियन आणि टाटांची अडीच टनी एलपीटीए ७१३ टीसी बनू लागली. यातलं 'टीसी' म्हणजे टर्बोचार्ज्ड. आमच्या पोरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "साब, ये टीसी क्या टिकट चेक करता है?" मी हसलो आणि पुढे गेलो. आज वाटतं, तिथेच थांबून उत्तर द्यायला हवं होतं.

पहिल्यांदा ती गाडी घेऊन चढ चढलो तेव्हा माझा विश्वास बसेना. जिथे शक्तिमान कण्हायचा तिथे ही झरझर वर. ड्रायव्हर खूश, मी खूश. सगळ्यांनी तिला नवा, तरुण शक्तिमान समजून वागवायला सुरुवात केली. पहाटे सेल्फ मारला की रेस. मग अर्धा तास उभी. मग चढ. आणि वर पोचल्यावर चावी बंद करून चहाला.

इथे थोडं यंत्र समजून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट कळेल.

टर्बोचा दांडा बोटाएवढा. तो मोठ्या इंजिनात मिनिटाला लाखभर फेरे घेतो, छोट्या मोटारीत दोन लाखही. शेजारचं चाक धुरानं लाल होईपर्यंत तापलेलं. इतक्या वेगाला साधं बेअरिंग पुरत नाही, म्हणून बहुतेक टर्बोंत हा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. धातूला धातू लागतच नाही. तो थर म्हणजेच त्याचं बेअरिंग. आणि त्यात ऑइल येतं ते इंजिनातूनच, बारीक नळीनं. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल उतरून चेंबरमध्ये जातं. सकाळी सेल्फ मारल्यावर पंप ते पुन्हा वर चढवतो. थंडीत ऑइल काकवीसारखं दाट. ते बारीक नळीतून जायला वेळ लागतो. त्याच क्षणी तुम्ही रेस दिलीत तर धूर वाढतो, चाक वेग घेतं आणि दांडा कोरडा, निदान अर्धा कोरडा, फिरतो.

गंमत अशी की डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा तेव्हा चांगला वर असतो. आपल्याला वाटतं, वा, प्रेशर भरपूर आहे. पण दाट ऑइल पुढे सरकत नाही म्हणूनच काटा वर असतो! गर्दीत दाराशी रेटारेटी खूप असते, आत मात्र थोडेच जातात, तसं. मी वर्षानुवर्षं त्या काट्याकडे पाहून समाधानी होत असे.

आता माझी चूक.

२००० सालचा ऑक्टोबर. कारगिलची लढाई होऊन वर्ष झालं होतं. हिवाळ्याआधी रस्ता बंद होण्यापूर्वी सामान पुढे पोचवायची धावपळ. मी तेव्हा मेजर. युनिटचं नाव सांगत नाही, जागाही नेमकी सांगत नाही, द्रासच्या पुढे कुठेतरी समजा. पहाट, पारा उणे दहाच्या आसपास. आमचा ताफा सहाला निघायचा होता. पाच वाजता निरोप आला की रस्ता एकेरी सोडणार आहेत, पावणेसहाच्या आत पहिली गाडी चेकपोस्टवर हवी. मी ओरडत निघालो. एका टीसीचा ड्रायव्हर, आपल्या साताऱ्याकडचा पोरगा, गाडी चालू करून नुसता बसला होता. रेस देत नव्हता. मी खिडकीवर थाप मारली. "काय बघतोस? रेस दे. गरम होईल."

तो म्हणाला, "साहेब, दोन मिनिटं."

मी म्हणालो, "दोन मिनिटं तुझ्या घरी. रेस दे आणि लाइनीत लाव."

त्यानं दिली. छावणीतून बाहेर पडलं की लगेच चढ होता. तिसऱ्या वळणावर त्याच्या गाडीतून शिट्टी येऊ लागली, नेहमीची नव्हे, खरवडल्यासारखी. मग निळसर धूर. मग ताकद गेली आणि गाडी एकेरी रस्त्याच्या मधोमध थांबली. तिच्या मागे चौतीस गाड्या. तीन तास आम्ही तिथे होतो. रिकव्हरीची गाडी मागच्या मागे यायला तेवढा वेळ लागला. वरून विचारणा झाली, मग चौकशी झाली. चौकशीत मला विचारलं, ड्रायव्हरनं गाडी नीट हाताळली होती का? मी सांगितलं, नव्या गाडीची त्याला पुरती सवय नव्हती. हे वाक्य खोटं नव्हतं. कुणालाच सवय नव्हती. पण मी 'कुणालाच' म्हटलं नाही, 'त्याला' म्हटलं. त्याच्या कागदावर लाल शाईची नोंद झाली. फौजेतल्या माणसाला लाल शाई म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, बढतीच्या वेळी ती नोंद तुमच्या आधी उठून उभी राहते.

पुढे काही वर्षांनी माझी बदली जबलपूरला झाली. इथे एका वर्कशॉपमध्ये एक जुना हवालदार मिस्त्री भेटला. टेबलावर एक उघडलेला टर्बो होता. त्यानं दांडा माझ्या हातात दिला. एका बाजूला निळसर डाग, आणि नखाला जाणवतील अशा रेघा. मी विचारलं, हे कशानं? तो म्हणाला, "साब, ठंडे में रेस. और ऊपर जाके तुरंत बंद." दुसरा भाग मला नवा होता. चढ चढून आलं की टर्बो धगधगत असतो. तेव्हाच इंजिन बंद केलं की पंप थांबतो, आत अडकलेलं ऑइल जागच्या जागी करपतं, त्याचा कोळसा होतो. उद्या सकाळी त्याच कोळशानं नळी अरुंद झालेली असते. म्हणजे संध्याकाळची चूक सकाळच्या चुकीला मदत करते. आणि अर्धा तास नुसती उभी ठेवण्याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, त्यानंही भलं होत नाही. डिझेल इंजिन उभ्या उभ्या फारसं तापतच नाही. न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि टर्बोत हवेचा दाब नसल्यामुळे त्याच्या सीलमधून ऑइल झिरपायला लागतं.

मी त्याला विचारलं, हे तू कुठे शिकलास? त्यानं कपाटातून पुस्तक काढून दाखवलं. गाडीबरोबर आलेलं हँडबुक. चालू केल्यावर आधी मंद चालू ठेवा, लगेच रेस देऊ नका, बंद करण्याआधी पुन्हा मंद चालू ठेवा, सगळं लिहिलेलं. मी ते पुस्तक ओळखलं. तसंच एक २००० साली माझ्या टेबलाच्या खणात होतं. इंग्रजीत होतं, माझ्या ड्रायव्हरांपैकी तिघा-चौघांनाच वाचता आलं असतं. वाचून त्यांना हिंदीत सांगायचं काम माझं होतं. मी ते खणात ठेवलं, कारण गाडी म्हणजे गाडी, त्यात वाचायचं काय!

न्यायानं सांगायचं तर एका सकाळीत टर्बो मरत नाही. त्या गाडीनं त्याआधी अनेक सकाळी तेच भोगलं होतं, आणि अनेक संध्याकाळीही. पण त्या दिवशी तो पोरगा बरोबर करत होता. कुठून त्याला कळलं होतं कोण जाणे. बहुधा हातानं कळलं असेल, काही ड्रायव्हरांना कळतं. आणि त्याला चुकीचं करायला मी लावलं.

मी त्याचा शोध घेतला तोवर तो पेन्शनवर गेला होता, हवालदार न होता. एका ओळखीच्या जवानाकडून नंबर मिळाला. फोन केला. ओळख सांगितल्यावर पलीकडे तो उभा राहिला असावा, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी सगळं सांगितलं. चौकशीत काय बोललो, तेही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "साहेब, मीच जरा जोरात सांगायला हवं होतं." मी म्हणालो, "तुम्ही सांगितलं होतं. दोन मिनिटं मागितली होती." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला तुम्ही म्हटलं. त्यानंतर तो त्याच्या टेम्पोबद्दल बोलत राहिला, ऊस वाहतो म्हणाला. नोंदीबद्दल त्यानं एक शब्द काढला नाही. मीही काढू शकलो नाही.

असो.

आता या सगळ्याचा तुमच्या गाडीशी काय संबंध? संबंध असा की एकेकाळी टर्बो आगगाडीत आणि फौजी ट्रकात होता, आज तो तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे. १९९८ ची सफारी टर्बो डिझेल होती. २००७ मध्ये स्विफ्टचं डिझेल आलं, अवघं १२४८ सीसीचं आणि टर्बोवालं. गेल्या दहा वर्षांत छोट्या पेट्रोल गाड्यांतही टर्बो आला. खुद्द फौजेत जिप्सीच्या जागी २०१७ मध्ये ३,१९२ सफारी स्टॉर्मची मागणी गेली, तीही टर्बो डिझेल. आणि आपली सवय? काहींची शक्तिमानची, म्हणजे रेस देऊन गरम करायची. काहींची ती पण नाही, बटण दाबून सरळ हायवेला, शंभरच्या पुढे.

भाच्याला जे सांगितलं ते सांगतो. इंजिन चालू कर. सीटबेल्ट लाव, आरसे बघ, मामीला हात कर. एवढ्यात अर्धं-एक मिनिट जातं आणि ऑइल सगळीकडे पोचतं. मग निघ. उभं राहून गरम करू नकोस, चालता चालता गरम कर, कारण हलक्या ओझ्यावर इंजिन लवकर आणि सारखं तापतं. पहिली आठ-दहा मिनिटं आरपीएम दोन-अडीच हजारांच्या आत ठेव, पाय पूर्ण दाबू नकोस. तो म्हणाला, "पण मामा, टेंपरेचरचा काटा पाच मिनिटांतच मधे येतो." येतो ना. पण तो काटा पाण्याचा आहे. ऑइल पाण्याच्या बरंच मागून तापतं, जवळजवळ दुप्पट वेळ घेतं. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, तो तापला की फुगतो, आणि त्याची मापं तापलेल्या अवस्थेसाठीच बेतलेली असतात. थंडपणी तो जरा सैल असतो. अशा वेळी पूर्ण ताकद मागायची नाही.

आजकालचं ऑइल पुष्कळ सुधारलंय, हे मान्य. डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं, त्यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. तो आकडा जेवढा लहान, तेवढं ते थंडीत पातळ राहतं. पुस्तकात जे लिहिलंय तेच घाला, गॅरेजवाला जे डब्यात उरलंय ते घालेल, त्याकडे लक्ष ठेवा. आणि ज्यांची गाडी रोज दोन किलोमीटर जाऊन बंद होते, त्यांचं इंजिन कधी तापतच नाही. त्यातल्या पेट्रोल टर्बोंत थोडं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहतं. अशांनी ऑइल जरा लवकर बदलावं आणि आठवड्यातून एकदा गाडी लांब न्यावी.

बंद करतानाचं म्हणाल, तर खंबाटकी चढून वर ढाब्यावर थांबलात तर मिनिटभर मंद चालू द्या. नव्या गाड्यांत बंद केल्यावरही टर्बोला पाणी फिरवणारा छोटा विजेचा पंप असतो, त्यामुळे पूर्वीइतकी भीती नाही. पण तुमच्या गाडीत तो आहे का, हे कुठे लिहिलंय? पुस्तकात. आणि पुस्तक कुठे आहे? ग्लव्ह बॉक्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं. माझ्या खणापेक्षा ती जागा काही वेगळी नाही.

व्हेइकल फॅक्टरी २०२१ च्या १ ऑक्टोबरपासून आर्मर्ड व्हेइकल्स निगम या नव्या सरकारी कंपनीत गेली. रांझीच्या रस्त्यानं जाताना मी अजून तिच्या फाटकाकडे बघतो. कधी कधी कुणाच्या तरी आवारात जुना जोंगा उभा दिसतो, आणि मालक तो सकाळी जोरजोरात रेस देऊन चालू करत असतो. त्याला मी काही बोलत नाही. जोंगाला टर्बो नाही.

तर आम्ही भेडाघाटला निघालो. मेडिकल कॉलेज ओलांडेपर्यंत भाच्यानं गाडी अगदी पाहुण्याला घरी सोडायला निघाल्यासारखी चालवली. पुढे रस्ता मोकळा मिळाला तेव्हा म्हणाला, "आता?" मी म्हणालो, "आता." आणि मग ती गाडी कशी पळते ते मी पाहिलं, वरचा दांडा घट्ट धरून. भेडाघाटच्या गर्दीत शेवटचे दोन किलोमीटर रांगत गेलो. पार्किंगमध्ये त्यानं बटणावर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि बोट काढून घड्याळ बघत बसला.

म्हटलं, "अरे, आता कशाला? शेवटी हळूच आलो ना आपण. कर बंद, चहा पिऊ."

पुढच्या भागात जोंगाबद्दल बोलू. जय हिंद.